आधी जमीन, मग चाक

स्केटबोर्डच्या चाकावर कडेला दोन आकडे छापलेले असतात. ५२ मिमी, ९९ए. किंवा ६० मिमी, ७८ए. पहिला आकडा चाकाचा व्यास, दुसरा त्याचा टणकपणा. फळीवरचे चित्र कसले, रंग कोणता, कंपनी कुठली, यावर मुले तासन्‌तास बोलतात; या दोन आकड्यांकडे सहसा कुणी बघत नाही. आमच्या घरात ते वाचले गेले लेकीच्या गुडघ्यांमुळे.

बोर्ड तिच्या मामूंनी शारजाहून आणला. शारजात अलजादा नावाचे मोठे स्केटपार्क आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे स्केटबोर्डिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. मामू सुट्टीच्या संध्याकाळी तिथल्या पोरांचे खेळ बघत, आणि भाचीसाठी त्यांनी त्या पोरांकडे असतो तसाच बोर्ड घेतला. चाके ५२ मिमी, १०१ए. तिथल्या फरशीसारख्या गुळगुळीत काँक्रीटवर असेच चाक लागते.

आमची गल्ली निगडीतली. प्राधिकरणाच्या रुंद, झाडांच्या रस्त्यांपासून चालत दहा मिनिटांवर. पण रस्त्यांच्या बाबतीत दहा मिनिटे म्हणजे फार अंतर. गल्लीत जुने डांबर, त्यावर नळजोडणीसाठी खणलेल्या चरांची ठिगळे, कडेला पेव्हर ब्लॉक, आणि पावसाळ्यानंतर सुटलेली बारीक खडी. पालखी देहूहून आकुर्डीला जाते ती निगडीवरूनच, त्यामुळे तिच्या तोंडावर मोठ्या रस्त्यावर नवे डांबर पडले तर तेवढे काही दिवस मखमल. गल्लीपर्यंत ती मखमल येत नाही.

या जमिनीवर १०१ए चाक म्हणजे काय, ते उमऱ्याहून परतलेल्या कुणालाही सांगावे लागणार नाही. विमानतळाच्या फरशीवर बोटाने ढकलली तरी जाणारी बॅग आपल्या गल्लीत पेव्हर ब्लॉकवर आली की खडखडाट करत दर पावलाला अडते. बॅग तीच, चाके तीच. लेक फळीवर उभी राहिली की तळपायाला झिणझिण्या येत, दात वाजत. वाटाण्याएवढी खडी चाकाखाली आली की बोर्ड जागच्या जागी थांबे आणि ती पुढे जाई. पहिल्या आठवड्यात दोन सलवारींचे गुडघे गेले. (उर्दूत ‘चाक’ म्हणजे कुंभाराचे चाक, आणि ‘चाक’ म्हणजे फाटलेलेही. मराठी चाकाने उर्दू चाक कसे केले, हा विनोद आम्ही घरात फार वेळा केला. तिला तो एकदाही आवडला नाही.)

दादींची तक्रार आवाजाची होती. असरच्या नमाजच्या वेळी खिडकीखालून रणगाडा गेल्यासारखे वाटे. शेजारच्या खाला वेगळे बोलत: बारा वर्षांची पोर, ओढणी सावरत रस्त्यावर पडते, बरे दिसते का? त्यांना आम्ही एवढेच सांगितले की प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयशा (र.) यांच्यात धावण्याची शर्यत झाली होती, पहिल्या वेळी हजरत आयशा पुढे गेल्या आणि पुढे कधीतरी दुसऱ्या शर्यतीत प्रेषितांनी त्यांना मागे टाकले, हे हदीसच्या ग्रंथांत आहे. खाला हसल्या. वाद मिटला असे नाही, पण रोजचा राहिला नाही.

खालांपेक्षा आम्हाला काळजी वाटली ती लेकीच्या एका वाक्याची. तिसऱ्या आठवड्यात बोर्ड पलंगाखाली गेला आणि ती म्हणाली, “माझ्यात बॅलन्सच नाही.” शाळेत हे वाक्य आम्ही दरवर्षी ऐकतो. ‘मला गणित येतच नाही.’ ‘माझी जबान उर्दूची नाहीच.’ मूल एकदा असे म्हणाले की पुढे ते प्रयत्न करत नाही, पुरावे गोळा करते. आणि बऱ्याचदा अडलेले असते भलतेच काहीतरी: फळा नीट दिसत नसतो, बाक उंच असतो, पुस्तकाची भाषा घरच्या भाषेपासून फार दूर असते.

चाकाचे खरे कारण सांगितले मुलांच्या चाचांनी. ते तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये कारखान्यांना लागणाऱ्या ट्रॉल्या बनवतात. चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यात माल एका मशीनकडून दुसऱ्या मशीनकडे जातो तो अशा ट्रॉल्यांवर, त्यामुळे चाकांविषयी त्यांचे ज्ञान पोटापाण्याचे आहे. त्यांनी बोर्ड उलटा केला, चाकावर अंगठ्याचे नख दाबले, आणि पहिला प्रश्न विचारला, “जमीन कसली?”

ट्रॉलीचे गिऱ्हाईक आले की त्यांच्याकडे तीनच प्रश्न असतात. जमीन कसली, वजन किती, आणि ओढणार कोण. बिडाचे चाक वाट्टेल ते वजन घेते, पण चांगली फरशी फोडते. नायलॉनचे हलके पळते, आवाज मात्र फार. रबराचे गुपचूप जाते, पण भरलेली ट्रॉली ढकलताना माणसाचा दम काढते. मधला मार्ग पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा. तो घट्ट हवा तर घट्ट ओतता येतो, मऊ हवा तर मऊ. स्केटबोर्डची चाके याच पीयूची असतात. चाचांच्या दृष्टीने लेकीचा बोर्ड ही एक छोटी ट्रॉली होती, जिला इपॉक्सी लावलेल्या शेडची चाके बसवून खडीच्या रस्त्यावर सोडले होते.

पीयूचे चाक बोर्डाला लागले त्याची हकिगतही कारखान्यातलीच आहे. आधी बोर्डांना लोखंडी चाके होती, मग १९६० च्या दशकात मातीच्या मिश्रणाची भाजलेली चाके आली. ती ठिसूळ, एक खडा आला की अडकत, फुटत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकन तरुणाने व्हर्जिनिया राज्यातल्या पर्सेलव्हिल गावच्या एका कारखान्यात युरेथेनची चाके पाहिली. ती बूटवाल्या स्केटिंगसाठी केलेली होती, पण रिंकच्या गुळगुळीत फरशीवर ती संथ चालतात म्हणून सराईत लोकांना नको होती. त्याने ती आपल्या फळीला लावून रस्त्यावर आणली, आणि १९७३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात ‘कॅडिलॅक व्हील्स’ नावाने विकायला सुरुवात केली. रिंकवर नापास झालेले चाक रस्त्यावर पहिले आले. आज रस्त्यावर दिसणारा प्रत्येक बोर्ड त्या चाकाचा वारस आहे.

आता दुसरा आकडा. ‘ए’ हे माप अल्बर्ट शोर या अमेरिकन माणसाच्या नावाने ओळखले जाते. एक बोथट सुई ठरावीक जोराने पदार्थात दाबायची. जितकी आत जाईल तितका आकडा कमी. माप शून्य ते शंभर. त्यावर १०१ कसे येते, हे आम्हा शिक्षकांना खटकते; शंभरपैकी एकशे एक गुण आम्ही कुणाला देऊ शकत नाही. पण चाकवाले देतात, आणि त्याचा अर्थ ‘फार टणक’ एवढाच घ्यायचा. काही चाकांवर ‘बी’ लिहिलेले असते. त्याचा आकडा ‘ए’पेक्षा सुमारे वीसने कमी येतो, म्हणजे ८३बी पाहून मऊ समजून घेऊ नये, ते १०१ए पेक्षाही टणक असते. छापील आकडा पुसला असेल तर नख दाबून पाहावे. ७८ए किंचित दबते, ९९ए अजिबात नाही. फरशीवर आपटले तर टणक चाक टक्‌ वाजते, मऊ चाक थप्‌.

टणक चाक वेगवान, असे सगळीकडे लिहिलेले असते आणि ते खोटे नाही, फक्त अर्धे आहे. गुळगुळीत जमिनीवर मऊ चाक दर फेरीला थोडे दबते, पुन्हा फुगते, आणि त्या दबण्या-फुगण्यात जोर वाया जातो. टणक चाक दबतच नाही, म्हणून पुढे. खडबडीत जमिनीवर हिशेब उलटतो. टणक चाकाखाली खडा आला की चाक, बोर्ड आणि वर उभे मूल, सगळेच तेवढे वर उचलले जाते आणि खाली आदळते. सेकंदाला असे किती खडे! ढकललेला सगळा जोर असा मुलाला वर-खाली करण्यात जातो, पुढे नेण्यात नाही. मऊ चाक खडा पोटात घेते. चाकाची तेवढी कड दबते, मूल जागचे हलत नाही. लेकीला बॅलन्स नव्हता हे खरे नव्हते. तिच्या पायाखालची फळी सेकंदाला अनेकदा हलत होती आणि ती तरीही तीन आठवडे उभी राहत होती.

व्यासाचेही असेच. बैलगाडीचे चाक मोठे का, याचे उत्तर आपल्या आजोबांना माहीत होते. मोठे चाक खड्यावर हळू चढते. लहान चाकाला तोच खडा भिंतीसारखा. म्हणून साध्या फिरण्याला ५८ ते ६५ मिमी किंवा त्याहून मोठी चाके, ७८ए ते ८५ए च्या आसपास. उड्या, फळी हवेत फिरवणे, कठड्यावरून घसरणे असे प्रकार करायचे असतील तर ५० ते ५४ मिमी, ९७ए च्या वर: चाक हलके, फळी जमिनीजवळ, आणि वळताना हवे तेव्हा घसरणारे. काँक्रीटच्या उतारांवर, वाडग्यासारख्या खड्ड्यांत खेळणारे ५४ ते ५८ च्या दरम्यान थांबतात. सगळे एकाच चाकात हवे असेल तर ९० च्या मागेपुढे मिळते. ते दोन्हीकडे चालते आणि दोन्हीकडे थोडे कमी पडते. नव्याने शिकणाऱ्या आणि आमच्यासारख्या गल्लीत राहणाऱ्या मुलाला ते घेऊ नये असे आमचे मत. आधी रस्ता जिंकू द्यावा, उड्या पुढे.

मोठ्या चाकाची एक खोड मात्र जपावी लागते. वळताना फळी झुकते आणि चाक फळीच्या पोटाला घासले तर एकदम ब्रेक लागतो; मूल तोंडावर पडते. त्यासाठी फळी आणि लोखंडी ट्रक यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पट्टी बसवतात, साधारण ३ मिमी जाडीची, आणि बोल्ट तेवढे लांब घ्यावे लागतात. चाके विकणारा हे सांगेलच असे नाही. नवी चाके बसवल्यावर मूल चढण्याआधी आपण हाताने फळी दोन्ही बाजूंना दाबून बघावी.

आम्ही ५८ मिमी, ७८ए ची चार चाके मागवली आणि सोबत पट्ट्या. साडेतेराशे रुपये लागले. नवा बोर्ड घ्या, असे सुचवणारे बरेच भेटले. फळी चांगली, ट्रक चांगले, फक्त चाके इथली नाहीत. मग सगळे टाकून नवे घेणे याला आमच्याकडे इसराफ म्हणतात, आणि पगाराच्या घरात तो गुन्हा लवकर उघडकीला येतो.

बेअरिंग मात्र जुनीच ठेवली. स्केटबोर्डच्या बेअरिंगचा नंबर जगभर एकच, ६०८: आतले भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. आपल्या भागात बेअरिंगच्या दुकानांना तोटा नाही. कुठल्याही दुकानात ६०८ म्हटले की पुडी समोर येते. धूळ हा त्याचा शत्रू, आणि धुळीत आपली निगडी कुणाला हार जाणारी नाही. टाचणीने कडेचे झाकण काढून रॉकेल किंवा पेट्रोलने धुवावे (हे काम मोठ्यांनी, गॅसपासून लांब), पूर्ण वाळू द्यावे, मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. आमच्या घरी ती बाटली दादींच्या मशीनच्या खणात असते. पाण्यातून बोर्ड नेऊ नये. चाकाचा नट १३ नंबरच्या पान्याने बसतो, पण करकचून आवळायचा नाही. चाक बोटाने हलवले तर किंचित खुळखुळले पाहिजे.

पडणे चाकाने थांबत नाही, कमी होते. आधी उंट बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही प्रेषितांची शिकवण आम्ही हेल्मेटला लावतो. स्कार्फ घालणाऱ्या मुलींसाठी थोडे बारकाईने सांगायला हवे, कारण हे सांगणारे कुणी भेटत नाही. हेल्मेटखाली पातळ सुती स्कार्फ, टाचणीशिवाय. पडताना टाचणी टोचते. गाठ हनुवटीखाली नको, मागे, म्हणजे हेल्मेटचा पट्टा नीट बसतो. ओढणीचे टोक मोकळे नको. ते चाकात गेले तर मऊ चाक ते अधिकच घट्ट धरते. सलवार घोट्याजवळ आवळलेली, बुटाचा तळ सपाट. मनगटाचे पॅड गुडघ्याच्या पॅडइतकेच महत्त्वाचे, कारण पडणारा माणूस आधी हात टेकतो. आणि वाहनांच्या रस्त्यावर कधीच नाही, चाक कितीही चांगले असले तरी.

चाके बदलली त्या संध्याकाळी लेक असर आणि मगरिबच्या मध्ये गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. न पडता असे नाही. ठिगळापाशी उतरली, बोर्ड उचलून पलीकडे ठेवला, पुन्हा चढली. आम्ही दोघे दारात उभे होतो. दादी खिडकीतून ओरडत होत्या, “पोरगी गेली कुठे? आवाज येत नाही!”

तिला आम्ही मग दोन गोष्टी सांगितल्या. एक पुण्याच्या श्रद्धा गायकवाडची. तिचे वडील सुरक्षारक्षक; २०२२ मध्ये गुजरातला झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत तिने स्केटबोर्डिंगचे सुवर्णपदक आणले. दुसरी काबूलची. तिथे २००७ मध्ये ऑलिव्हर पर्कोविच या ऑस्ट्रेलियन माणसाने मुलांना बोर्ड शिकवायला सुरुवात केली, ती एका कोरड्या पडलेल्या जुन्या कारंज्याच्या काँक्रीटच्या हौदात. त्यातून ‘स्केटिस्तान’ ही संस्था उभी राहिली. मुलींनी सायकल चालवणे तिथे लोकांना खटकत होते, पण स्केटबोर्ड हा प्रकारच नवा, त्याला मनाई करण्याचे कुणाला सुचले नव्हते. मुली मोठ्या संख्येने आल्या. बोर्ड शिकल्या आणि त्याच आवारात लिहायला-वाचायलाही. त्यांच्यावरच्या लघुपटाला २०२० मध्ये ऑस्कर मिळाले. पुढच्या वर्षी सत्ता बदलली आणि तिथला तो खेळ थांबला. लेकीने ऐकून घेतले आणि विचारले, “त्या हौदात कुठली चाके लावत असतील?” आम्ही म्हटले, तूच सांग. ती म्हणाली, “टणक. काँक्रीट होते ना.”

टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आले तेव्हा मुलींच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण आणि रौप्य जिंकणाऱ्या दोघी तेरा-तेरा वर्षांच्या होत्या. हे मात्र आम्ही सांगितले नाही. बारा वर्षांच्या मुलीला तेराव्या वर्षाची धास्ती कशाला लावायची? ते तिने स्वतःच कुठूनतरी शोधून काढले आणि आम्हालाच ऐकवले.

शारजाची १०१ए चाके टाकली नाहीत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. तिच्या एका मैत्रिणीच्या सोसायटीत पार्किंगला ट्रिमिक्सची घोटीव जमीन आहे, रविवारी सकाळी गाड्या बाहेर गेल्या की मोकळी असते. तिथे जायचे असेल तर शनिवारी रात्री जेवणानंतर चाके बदलायची, पट्ट्या तशाच ठेवायच्या. वीस मिनिटांचे काम. चाके परत बसवताना पुढचे उजवे मागच्या डाव्या बाजूला जाईल अशी तिरकी अदलाबदल करायची, म्हणजे झीज एकाच कडेला होत नाही. हे चाचांनी शिकवले. धाकटा आठ वर्षांचा आहे. त्याला अजून बोर्डावर उभे राहता येत नाही, पण १३ नंबरचा पाना तो कुणाला देत नाही.